काय मर्दा ते काय भो : चिरंजीवांबरोबर नऊ दिवस

पोराची दहावी मार्चमध्ये संपली आणि एप्रिल लागल्यापासून ते घरात पडीक. दिवसभर मोबाईल, आणि मोबाईलमधून जे काही आत जातं ते संध्याकाळी तोंडातून बाहेर. आमटी चांगली झाली की 'विषय हार्ड', बापाने ओरडलं की 'पप्पांचा ऑरा मायनस', मी नवीन साडी नेसले तर 'मम्मा रिझ आहे तुझ्यात'. रिझ म्हणजे काय ते मी शोधलं, तर म्हणे समोरच्याला भुरळ घालायची ताकद, आणि कळलं ऑक्सफर्डवाल्यांनी २०२३ चा वर्षाचा शब्द म्हणून त्यालाच निवडलं होतं, म्हणजे मीच मागे पडलेय.

माझं माहेर कोल्हापूर, सासर नागपूर, संसार पुण्यात. म्हटलं याला घेऊन एकदा सगळीकडे फिरून येऊ, आजी-मामा-आत्या सगळ्यांना भेटणंही होईल. जाताना बसने, येताना रेल्वेने. नवऱ्याला सुट्टी नव्हती, आणि असती तरी एप्रिलमध्ये सोलापूरला जायला तो आला नसता.

दिवस पहिला, पुणे ते कोल्हापूर

स्वारगेटवरून सकाळची गाडी. खिडकीवरून आमचं भांडण झालं, तो जिंकला. साताऱ्यापर्यंत मान खाली घालून गेम. हरला की 'भेंडी!', जिंकला की 'फोडलं भावा!'. भेंडी ही पुण्या-मुंबईच्या पोरांची शिवी न देता शिवी द्यायची सोय आहे, आमच्या वेळी 'च्यायला' होतं, त्याआधी 'आयला', प्रत्येक पिढी शिवीला नवा सदरा घालते. मी काही बोलत नाही, निदान भाजी आहे.

कराड गेलं की माझी जीभ आपोआप सैल होते हे नवऱ्याने पूर्वीच सांगून ठेवलंय. संध्याकाळी पेठेत घराच्या दारात पाय ठेवला आणि माझ्या तोंडून निघालं, "आई, आलो गंऽ!"

चिरंजीव गर्रकन वळले. "मम्मा, आलो?"

तर त्याचं असंय. कोल्हापुरात बायका-पोरी 'मी आलो, मी गेलो, मी करतो' असंच बोलतात. शाळेत मराठीच्या बाई सांगायच्या की कर्नाटक जवळ आहे आणि कन्नडमध्ये 'मी आलो' न् 'मी आले' असा फरकच नाही, बाईमाणूस असो की बाप्या, 'नानु बंदे' म्हटलं की झालं, त्याचा हा परिणाम असेल. ते काही असो, मी १९९८ साली पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी मेसमध्ये "मी जेवलो" म्हणाले आणि टेबलावरच्या पाचही जणी हसल्या. तेव्हापासून मी 'जेवले' शिकले, 'आले' शिकले, घासून पुसून पुणेरी झाले. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली. पण उंबऱ्यावर अजून 'आलो'च येतं, काय करणार.

रात्री पोरगं मोबाईलवर परत हरलं आणि जेवणाच्या ताटावरच जोरात 'भेंडी!' झालं. मी डोळे वटारेपर्यंत वहिनी कौतुकाने म्हणाली, "आवडती व्हय भेंडी? करतो की उद्या."

दिवस दुसरा, कोल्हापूर

भेंडी झाली. चिंच-गूळ घालून, भरपूर. त्याला भेंडी अजिबात आवडत नाही, पण मामीसमोर बोलणार काय, दोन वाट्या खाल्ल्या गुपचूप. न्याय म्हणतात तो हा.

पहाटेच मामाने त्याला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं. तिथे म्हैस तुमच्यासमोर उभी, ग्लास तुमच्या हातात, धार काढून फेसासकट तिथल्या तिथे प्यायचं. परत आला तो ओठावर पांढरी मिशी आणि डोळे मोठे करून. त्याचं म्हणणं, तिथे सगळे एकमेकांना 'मर्दा' म्हणत होते, अगदी सत्तरीचे आजोबा पण. "काय मर्दा, कवा आलास?" "बस की मर्दा." त्याला वाटायचं हे फक्त रीलमध्ये करतात.

दिवसभर माझी भाची त्याच्या मागे. नववी झालेली, याच्यापेक्षा वर्षाने लहान पण दीडपट चलाख. तिच्या मैत्रिणी आल्या, रंकाळ्यावर जायचं ठरलं, आणि मी मागून चालत निमूटपणे ऐकत होते. "थांब की, मी चप्पल घालतो." "काय करालायस तिथं, ये की." "मी न्हाय खात, मला नको." सगळ्या मुली, सगळ्या घालतो-खातो-येतो. आणि मधेच "तो बघ, नुसता ऑरा फार्मिंग करालाय." मी खरंच जागेवर थांबले. ऑरा फार्मिंग, म्हणजे मुद्दाम भारी दिसायचा आव आणणं, हे अमेरिकेतून आलेलं, इन्स्टावरून उतरलेलं, आणि त्याला शेपूट लागलेलं आमच्या पेठेचं 'करालाय'.

चिरंजीवांना इथे थोडा धक्का बसला तो 'विषय हार्ड' वरून. हा पुण्यात ते दिवसातून चाळीसदा म्हणतो. भाची म्हणाली, "तू लई म्हनतोस रे ते. आमी मॅचला म्हनतो." मग संध्याकाळी मामा दोघांना शाहू स्टेडियमला घेऊन गेला. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांना समजावणं अवघड आहे, इथे क्लब तालमीचे, पेठेचे, पाटाकडील काय, दिलबहार काय, बालगोपाल काय, आणि जो तो आपल्या पेठेसाठी घसा फोडतो. गोल झाल्यावर मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "विषय हार्ड! जाळ आनि धूर संगटच!" आणि पोराला पहिल्यांदा कळलं की हे वाक्य मुळात एवढ्या आवाजात म्हणायचं असतं. खोलीत बसून आमटीला म्हणायचं नसतं.

मोठ्यांशी मात्र हीच मंडळी एकदम मऊ. "कवा आलासा? जेवलासा का? बसा की." तो 'सा' माझ्या कानाला इतका गोड लागतो की काय सांगू. पुण्यात 'आलात, जेवलात' म्हणतात, बरोबरच आहे ते, पण त्यात पाट मांडल्याची भावना नाही.

दिवस तिसरा

ऊन, पांढरा रस्सा, झोप. लिहिण्यासारखं काही नाही. आईने विचारलं पोरगं सारखं कुणाला भाऊ म्हणतं, याला भाऊ कुठनं आला.

दिवस चौथा, कोल्हापूर ते सोलापूर

सकाळी निघालो. मिरज सोडलं की उसाचा हिरवा रंग हळूहळू संपतो आणि जमीन पिवळी व्हायला लागते, माणसांच्या बोलण्यातले स्वरही तसेच उघडे होतात असं मला वाटतं, पण मला बरंच काही वाटतं.

सांगोला स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मी चिरंजीवांना उठवलं. म्हटलं बघ, हे सांगोला. जून २०२२ मध्ये इथले तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील गुवाहाटीच्या हॉटेलातून आपल्या कार्यकर्त्याशी फोनवर बोलले, "काय झाडी, काय डोंगार, काय हाटील, एकदम ओक्केमंदी", आणि तो फोन बाहेर फुटला. दोन दिवसांत मुंबईच्या कॉर्पोरेट ऑफिसात माणसं 'ओक्केमंदी' म्हणत होती. माझी एक कोथरूडची मैत्रीण, जिने आयुष्यात 'मंदी' हा शब्द फक्त शेअर बाजारासाठी वापरला असेल, ती पण. पुण्यातला मुलगा सांगोल्याचं बोलला की गंमत, आणि सांगोल्याचा मुलगा पुण्यात येऊन मुलाखतीला तसंच बोलला की गावठी, हे मात्र कुणी मनावर घेत नाही. असो, माणदेशातल्या एका फोनने जे केलं ते पाठ्यपुस्तकांना जमलं नसतं. पोरगं तेव्हा सातवीत गेलेलं, त्याला आठवत होतं, पण ते कुठल्यातरी सिनेमातलं आहे असं समजून.

स्टँडवरचा उसाचा रसवाला गिऱ्हाइकाला म्हणाला, "ओके हाय का?" पोरगं माझ्याकडे बघून हसलं. रसवाल्याला कळेना काय झालं.

सोलापूरला उतरलो तेव्हा साडेचार, आणि अंगावर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा. रिक्षावाल्याने पुढच्या रिक्षावाल्याला हाक मारली, "सरक की बे!" चिरंजीव माझ्या कानात, "मम्मा, हे तर नागपूरचं आहे ना?"

दिवस पाचवा, सोलापूर

माझी हॉस्टेलची मैत्रीण पूर्व भागात राहते. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे तेलुगू विणकरांची वस्ती, चादरी आणि टॉवेलवाल्यांची, पिढ्यान् पिढ्या इथे आहेत. तिच्या घरात मी सकाळी सात ते दहा नुसती बसून होते आणि काय करमणूक झाली. नवऱ्याशी तेलुगूत. दारावर भाजीवाली आली, अक्कलकोटकडची, तिच्याशी कन्नडमध्ये घासाघीस. माझ्याशी मराठीत. मुलाला आतल्या खोलीत हाक, "एम् रा, लेवलेदा?", म्हणजे काय रे, उठला नाहीस का, आणि तोच मुलगा गॅलरीत येऊन खालच्या मित्राला, "काय करलालास बे? थांब की बे, यायलाव." घरात 'रा', जिन्यात 'बे'. शेपूट बदललं की माणूस उंबरा ओलांडून गेला.

मी विचारलं त्याला, शाळेत कोण कसं बोलतं. म्हणाला, "मावशी, शिव्या तेलुगूत, अभ्यास मराठीत, क्रिकेट हिंदीत." तिची मुलगी सातवीत, ती सुद्धा मोठ्या भावाला, "दे की बे!" आई लक्षच देत नव्हती. चिरंजीवांनी हे नीट टिपून ठेवलं. नोट्समध्ये त्याने यादीच सुरू केली होती, वर हेडिंग 'काय रे', खाली पुणे : काय करतोयस रे, कोल्हापूर : काय करालायस मर्दा, सोलापूर : काय करलालास बे. मला बरं वाटलं, दहावीच्या अभ्यासात त्याने एवढी नीट यादी कधी केली नव्हती. पण 'बे' समोर त्याने लिहिलं, 'सगळ्यांना चालतं'. ते तेव्हाच खोडायला हवं होतं.

दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. कडक भाकरी चावताना तोंडातून आवाज असा येतो की बोलायची सोयच राहत नाही, त्यामुळे दीड तास शांतता.

दिवस सहावा, रात्रीची ट्रॅव्हल्स

सोलापूर-नागपूर रात्रीची बस. तुळजापूरला बाहेरूनच हात जोडले. लातूरला जेवणाच्या सुमारास गाडी थांबली आणि पंधरा-वीस पोरं-पोरी चढली, पाठीला सॅक, हातात बादली, बादलीत चप्पल. नीटच्या क्लासची मुलं, आठवड्यासाठी घरी निघालेली. लातूर पॅटर्नच्या नावावर अख्ख्या मराठवाड्यातून आणि विदर्भातून मुलं इथे येऊन राहतात, दोन-दोन वर्षं, त्यात काही रिपीटर.

आमच्या पुढच्या सीटवर दोघं. एक नांदेडकडचा, एक यवतमाळचा. नांदेडवाला म्हणे, "काय करायलास बे, झोप की उगं. बळंच मोबाईल बघायलास." आणि यवतमाळवाला, "झोपून राहिलो ना, तू काऊन बोलायलास?" राहिलो पण आहे आणि बोलायलास पण आहे, दोन वर्षांच्या रूमची ही शिल्लक. मी अंधारात हसले. याचा आजोबा निजामाच्या राज्यात असेल, त्याचा मध्यप्रांतात. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानातून सुटला, आणि तिकडे नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्यप्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्य प्रदेशची राजधानी होतं, म्हणून एकाच्या बोलण्याला उर्दूची कड तर दुसऱ्याच्या वाक्याला हिंदीचा कणा. 'कर रहा हूँ' वरून 'करून राहिलो', सरळ हिशेब आहे. नागपूरच्या माणसाला हे सांगितलं तर तो चिडतो, म्हणतो तुम्हीच अर्धवट बोलता, करतोय म्हणजे काय, धड करतो पण नाही आणि राहतो पण नाही.

झोप लागली. मध्ये कुठेतरी एसी इतका वाढला की मी सोलापुरी चादर पिशवीतून काढली. नवी कोरी, भेट द्यायला घेतलेली. नणंदेला सांगितलं नाही.

दिवस सातवा आणि आठवा, नागपूर

नणंदेचा मुलगा घ्यायला आला, अकरावीतला. "काय मामी, लय दिवसांनी आल्या बाप्पा! हा पोट्टा एवढा मोठा झाला?" गाडीवर सामान टाकून थेट तर्री पोह्याच्या ठेल्यावर. पोह्यावर लाल चण्याची तर्री ओततात, सकाळी सात वाजता, आणि पुणेकराच्या डोळ्यात पाणी आलं की बघणाऱ्यांना समाधान. चिरंजीवांनी 'एक वडा द्या' म्हटलं तर ठेल्यावरचं पोरगं बघतच राहिलं, मग भाच्याने सांगितलं आलूबोंडा म्हण. इथे टपरीसुद्धा नाही, पानठेला. गोट्या नाहीत, कंचे. हा दोन तास नुसता नोट्स काढत होता.

भाच्याची गँग तिथेच. आणि तिथे मी ते वाक्य ऐकलं जे अजून डोक्यातून जात नाही. कुणीतरी नवीन बूट घालून आला, तर दुसरा म्हणाला, "अबे, विषय हार्ड करून राहिला बे!" पंचगंगेचं पाणी नागपूरच्या नाग नदीला मिळालेलं मी प्रत्यक्ष पाहिलं. नाम पोरं कुठूनही उचलतात, मोबाईल देईल ते, पण क्रियापद आजीच्याच घरचं. चिरंजीवांना हे दाखवलं तर म्हणाला, "हो मम्मा, मी कालच नोट केलं." कधी नव्हे ते मला त्याचा अभिमान वाटला, आणि तो साधारण पाच तास टिकला.

कारण दुपारी पानं मांडली, नणंदेचे यजमान बसले, बँकेतून रिटायर्ड, कडक माणूस, सणाला पण इस्त्रीचा शर्ट. त्यांनी आत हाक मारली, "चल न, जेवून घे." आणि आमचे चिरंजीव, दिवसभर गँगमध्ये राहून पेटलेले, आतून ओरडले,

"आलो न बे!"

पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. भाच्याने उशीत तोंड खुपसलं. नणंद वाढता वाढता थांबली, हळूच म्हणाली, "बे नाही म्हणत बाप्पा मोठ्यायले." मी मेल्याहून मेल्यासारखी. काकांनी वरणात चमचा फिरवला, दोनदा, आणि म्हणाले, "पुण्याचा आहे तो. त्याले काय समजते." हे सोडून देणं होतं की शिक्षा, ते मला अजून कळलेलं नाही.

रात्री गच्चीवर गादी टाकल्यावर भाच्याने त्याचा क्लास घेतला. बे हे वर्गमित्राला, लहान भावाला, गल्लीतल्या आपल्या पोट्ट्यांना. अनोळखी माणसाला म्हटलं तर भांडण. मोठ्याला म्हटलं तर जेवण बंद. मुलीला म्हणायचं का? त्यावर दोघंही गप्प झाले, मग भाचा म्हणाला, "ते तिच्यावर आहे. ती तुले म्हणते का ते पाहा पहिले." आणि भैताड, म्हणजे येडा, हे प्रेमाने पण चालतं, बे प्रेमानेच चालतं. हे सगळं सांगत असताना खालून काकांचा आवाज आला, फोनवर, साठी उलटलेल्या कुठल्यातरी शाळासोबत्याशी : "काऊन बे, जिवंत हायेस का अजून?" आणि मग असं खळखळून हसणं, जे मी लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्याकडून एकदाही ऐकलं नव्हतं.

आठव्या दिवशी विशेष काही झालं नाही. संत्रा बर्फी घेतली. चिरंजीव काकांशी दिवसभर 'हो काका, नाही काका' एवढंच बोलले.

दिवस नववा, महाराष्ट्र एक्स्प्रेस

ही गाडी गोंदियाहून निघून कोल्हापूरला जाते, १३०० किलोमीटरच्या वर, नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, जळगाव, मनमाड, पुणे, सातारा, मिरज. वेळ खूप खाते, पण एकाच डब्यात बसून अख्ख्या महाराष्ट्राची बोली खिडकीतून ऐकायची असेल तर हिच्यासारखी गाडी नाही. आम्हाला नागपूरहून पुण्याचंच तिकीट होतं.

वर्ध्यापर्यंत 'राहिला' आणि 'मले-तुले'. अकोल्याला चढलेल्या बाईने विचारलं, "कुठी चालल्या बाई?" शेगावला कचोरी आत आली, अर्धा डबा उठला. भुसावळला बराच वेळ थांबली आणि तिथून डब्याची हवाच बदलली. चार पोरं चढली, जळगावपर्यंतच जाणारी, आणि एकजण माझ्या पोराला सरळ म्हणाला, "सरक ना भो जरासा."

भो! चिरंजीवांचा चेहरा दिवाळीसारखा झाला. मोबाईल निघाला. "काय करी राहिला भो?" पोरांनी विचारलं, तर याने अख्खी यादी वाचून दाखवली, कोल्हापूरपासून. ती पोरं एकदम खूष. त्यातल्या एकाची आजी धुळ्याची, तो म्हणाला घरी आम्ही अहिराणी बोलतो, हे लिही : "काय करी ऱ्हायना?" दुसरा म्हणाला अरे तसं कॉलेजात कोण बोलतं, हसतात पोरी. पहिला म्हणाला हसू दे ना भो, अहिराणी गाण्यांना व्ह्यूज बघ किती आहेत, त्याच पोरी लग्नात त्यावर नाचता. मला हॉस्टेलचं मेस आठवलं. मी त्याला काहीच बोलले नाही, पिशवीतली बर्फी दिली.

जळगावला ते उतरले, खिडकीतून "चल भो!" झालं. मनमाडनंतर सगळे झोपले.

पहाटे पुणे. अर्धवट झोपेत बॅगा ओढत बाहेर आलो. रिक्षावाला समोर, "कुठं?" मी तोंड उघडायच्या आत चिरंजीव नऊ दिवसांचा सगळा माल एकत्र करून म्हणाले, "कर्वेनगरला जाऊन राहिलो ना काका, चला की."

रिक्षावाल्याने त्याला वरून खाली पाहिलं, मग बॅगांकडे.

"बाहेरगावचे का? मीटरने नाय परवडत. चारशे होतील."